एसटीची पहिली पायरी

मागच्या वर्षी चैत्रात पाटणला भाच्याकडे निघालो होतो. कराडच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागली, गर्दी फार नव्हती. दाराची दांडी धरली, डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि अंग वर येईना. पुन्हा जोर लावला. मांडी थरथरली, खालच्या पायाची टाच उचलली गेली, पण मी होतो तिथंच. मागे दोघं-तिघं खोळंबलेले. आतला कंडक्टर पोरगा, असेल तिशीचा, वाकला, हात पुढे केला आणि म्हणाला, "या बाबा, द्या हात."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं म्हटलंय. कराड–चिपळूण, कराड–पाटण, मुक्कामाच्या गाड्या, सगळीकडे. आजी असो की बाबा, एका हातानं तिकिटांची पेटी सावरायची, दुसरा हात द्यायचा, माणूस वर घ्यायचा आणि डबल बेल मारायची. तिकिटांची मशीन यायच्या आधी कुंभार्ली घाटातल्या वळणांवरही दोन्ही हात तिकिटं फाडण्यात गुंतलेले असायचे. मांडी सीटच्या कडेला टेकवून नुसत्या पायांवर उभा राहायचो. त्याच पायांना आता दोन वितीची पायरी चढवेना.

सीटवर बसलो, ज्येष्ठांचं अर्धं तिकीट काढलं आणि पाटण येईस्तोवर खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मनात भीती शिरली होती. सदुसष्टाव्या वर्षी ही गत, तर पंचाहत्तरीला काय?

मला बारा वर्षांपासून शुगर आहे. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ निघाली होती. तेव्हा ज्या दवाखान्यात जात होतो तिथं दोनच गोष्टी सांगितल्या. खाणं कमी करा आणि रोज चाला. मी दोन्ही अंगावर घेतल्या. भात सोडला, भाकरी एका वेळेला एकच, आमटी पातळ, रात्री नुसतं ताक. सकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर तासभर चालणं, पाऊस असला तरी. वजन ६८ वरून ५९ वर आलं. भजनातली मंडळी म्हणायची, "वा, काय बारीक झालात!" मलाही बरं वाटायचं. एचबीएवनसी ६.९ पर्यंत उतरली आणि मग, मी काहीही बदललं नसताना, पुन्हा चढायला लागली. ७.४. मग ७.८. दवाखान्यात उत्तर मिळालं, "अजून थोडं खाणं कमी करा." नऊ किलो गेले ते अंगातलं नक्की काय गेलं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आज वाटतं, तो प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

खुणा घरात दिसत होत्या. माझे कपडे मी स्वतः धुतो, ड्युटीवर असल्यापासूनची सवय. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, हल्ली तुमच्या पायजम्यातनं पाणी ठिबकतंय. दोरीखाली डबकं होतंय." मी म्हटलं, कापड जाड आहे. भजनाला मांडी घालून बसलो की उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात जायला लागला होता. लोणच्याच्या बरणीचं झाकण नात उघडून द्यायची. सदऱ्याच्या बाह्या लोंबत होत्या, मांड्या सुकल्या होत्या, आणि पोट मात्र होतं तिथंच. हे सगळं मी वयावर ढकललं.

पाटणहून परत आलो आणि भाच्यानं सांगितलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. म्हणाले, "काका, हात छातीवर घडी करून बांधा आणि खुर्चीवरून उठा. बसा. असं पाच वेळा, जमेल तितक्या भरभर." हातातल्या घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या वेळेला मी पुढे झोकांडलो, पाचवी उठक कशीबशी झाली. सतरा सेकंद. त्यांनी सांगितलं की आशियातल्या लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये मोजमापं ठरवली आहेत, त्यात बारा सेकंद किंवा जास्त लागले की पुढची तपासणी करायची.

मग त्याच इमारतीतल्या फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हातात एक यंत्र दिलं. लोखंडी मूठ, वर घड्याळासारखी तबकडी, काटा शून्यावर. कोपर अंगाला लावून काटकोनात, आणि पिळायचं जीव खाऊन. पिळताना यंत्र अजिबात दबत नाही, नुसता काटा सरकतो, त्यामुळे आपण काही केलंय असं वाटतच नाही. तीन वेळा घेतलं. २१, २२, २१.५. पुरुषाची पकड निदान २८ किलो हवी, बाईची १८. माझी २२. याच हातानं मी हजारो माणसं गाडीत ओढून घेतली, हे त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

पोटरी टेपनं मोजली, साडेएकतीस सेंटिमीटर. पुरुषाची चौतीसच्या खाली गेली की शंका घ्यायची. टेप नसेल तर घरी कसं बघायचं तेही मॅडमनी दाखवलं. जपानमध्ये ही पद्धत वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि बसल्या जागी पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती घालायचं. कडं पोटरीला पुरलं नाही तर ठीक. कडं बसून वर फट राहिली तर पोटरी सुकली आहे. माझ्या कड्यात फट दिसत होती. शेवटी सहा मीटर नेहमीच्या चालीनं चालायला लावलं. सेकंदाला एक मीटर तरी व्हायला हवा, माझा ०.८५ झाला. मी रोज तासभर चालणारा माणूस! मला हे पटेचना. मॅडम म्हणाल्या, "काका, चालण्यानं हृदय चांगलं राहिलंय तुमचं, ते सोडू नका. पण सपाटीवर चालताना मांडीवर जेवढा भार येतो, तेवढा तिला सवयीचा झालाय. तिला वाढायचं कारणच नाही."

या दुखण्याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं, मांसाची उणीव अशा अर्थानं. पन्नाशीनंतर स्नायू वर्षाला टक्काभर घटतो आणि ताकद त्याहून वेगानं उतरते. ते सगळ्यांचंच होतं. माझ्या बाबतीत त्यावर शुगर आणि दोन वर्षांची अर्धपोटी राहणी अशी भर पडली होती.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते मी आजपर्यंत वीसेक जणांना तरी सांगितलं असेल. ते मूळचे शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे उदाहरणही तसंच. "जेवणानंतर रक्तात साखर येते ती ठेवायची कुठं? अंगातली सगळ्यात मोठी कणगी म्हणजे स्नायू. इन्सुलिननं हाक दिली की बहुतेक साखर तिकडं जाते. तुम्ही उपाशी राहून धान्य कमी आणलंत, म्हणून आधी अंगण मोकळं दिसलं. पण त्याच उपासानं कणगीही लहान होत गेली. आता थोडं धान्य आलं तरी अंगणात सांडतंय." आणखी एक गोष्ट सांगितली. स्नायू जोर लावून काम करतो तेव्हा तो इन्सुलिनच्या हाकेची वाट बघत नाही, साखर आपणहून ओढतो, आणि नंतरही दिवस-दोन दिवस इन्सुलिनचं जास्त ऐकतो. म्हणून व्यायाम दिवसाआड.

माझी कंबर ९२ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांना नव्वदच्या वर धोका धरतात. वजन ५९, उंची पाच फूट पाच, म्हणजे तक्त्यात बघाल तर मी एकदम योग्य वजनाचा माणूस. यावर डॉक्टरांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो मोबाईलवर दाखवला. शेजारी एक इंग्रज डॉक्टर, जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. हा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून जाड असतो, स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे त्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलंय. तो फोटो बघून माझ्या मनातला राग थोडा निवळला. मी आळशी नव्हतो, मोजमापच चुकीचं धरून बसलो होतो.

"आता या वयात ताकद येईल का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, १९९० मध्ये बोस्टनला मारिया फियाटारोन या डॉक्टरीण बाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय नव्वद. आठ आठवड्यांत मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. "तुम्ही त्यांच्यापुढे पोर आहात."

लगेच सुरुवात करू दिली नाही, हे मला आवडलं. आधी हृदयाचा ईसीजी, रक्तदाब, आणि डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. शुगरमुळे पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावून वजन उचलताना त्या फुटू शकतात. माझा पडदा ठीक निघाला. खाण्यात प्रथिनं वाढवायची होती म्हणून किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, तेही बरं. बी-१२ मात्र फार खाली. बारा वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्याचं ते कमी होऊ शकतं, पायांना मुंग्या येतात त्यामागं तेही असू शकतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. ड जीवनसत्त्वही कमी होतं. दोन्हींची औषधं सुरू झाली.

मॅडमनी मला पाच व्यायाम दिले. यंत्र नाही, जिम नाही. खुर्चीवरून उठणं-बसणं, त्यात सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा, म्हणजे बैठक उंच. भिंतीला हात लावून दंड. कठड्याला धरून टाचा उचलणं. खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधून पाय सरळ करणं. आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून छातीकडे ओढणं. पट्ट्यांचे रंग असतात, पिवळा हलका, मग तांबडा, मग हिरवा. शिवाय पकडीसाठी ओला टॉवेल पिळायचा, दोन्ही बाजूंना. नियम एकच घोकून घेतला, शेवटच्या दोन-तीन वेळा अवघड गेल्या पाहिजेत. दहा वेळा सहज झालं तर भार वाढवायचा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

घोट्याच्या वजनासाठी बायकोनं माझ्या जुन्या खाकी पँटीच्या पिशव्या शिवल्या. एकेका पिशवीत किलोभर चाळलेली वाळू, तोंड दुहेरी शिलाईचं, बांधायला पँटीच्याच पट्ट्या. युनिफॉर्मचं कापड, ते फाटत नाही. एका पिशवीला खिशाचं बटण अजून तसंच आहे.

मी एक वही घातली. वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखले. तारीख, व्यायाम, किती वेळा, भार, आधीची शुगर, नंतरची शुगर, शेरा. आयुष्यभर प्रत्येक टप्प्याला तिकिटांचा हिशोब लिहिलेला माणूस, मला लिहिल्याशिवाय काही खरं वाटत नाही. आज ती वही बघितली की पहिल्या महिन्याचे शेरे सगळे एकाच चालीचे दिसतात. मांड्या दुखल्या. जिना उतरताना पकडून. उजवा गुडघा. गुडघ्यासाठी मॅडमनी आणखी एक उशी वाढवली आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली, थांबायला सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला तो सांगायलाच हवा. सकाळी शुगरच्या गोळ्या घेतल्या, नुसता चहा प्यायलो, आणि न्याहारी व्यायामानंतर करू म्हणून सुरू केलं. पट्टा ओढताना कपाळाला दरदरून घाम आला, हात कापायला लागले, समोरचं दार पांढुरकं दिसायला लागलं. बायकोला हाक मारली, आवाज नीट निघेना. तिनं बसवलं, पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. मशीनवर बघितलं, ५८. पंधरा मिनिटांनी ९१ झाली, मग तिनं भाकरी-दूध दिलं. माझ्या गोळ्यांमध्ये एक ग्लिमेपिराइड होती. ती गोळी स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढते, साखर आधीच कमी असली तरी. त्यात स्नायूंनीही साखर ओढली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी अर्धी केली आणि पुढे तीन महिन्यांनी बंदच केली. आपल्या मनानं गोळी कमी करू नये, पण अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं व्यायाम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. मी सांगितलं होतं, चूक माझी उपाशीपोटी करण्याची झाली. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी असते.

खाण्याचा भाग मला व्यायामापेक्षा अवघड गेला. मी माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, अंडं-मासा चालत नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी माझं रोजचं खाणं लिहून घेतलं आणि बेरीज केली, दिवसाला तीस ग्रॅम प्रथिनंही भरेनात. माझ्या वजनाला सत्तरच्या आसपास हवी होती. वय झालेल्या स्नायूला तेवढंच काम करायला तरुणापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, आणि तीही रात्री एकदम घेण्यापेक्षा तिन्ही वेळेला वाटून. मी म्हटलं, अंडी सांगू नका. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या भागात सोयाबीन किती पिकतं?"

खरंच आहे. आमच्या भागात शेतंच्या शेतं सोयाबीनची, आणि सगळं तेलाच्या गिरणीला जातं. त्याच्या वड्या आमच्या घरात कधी शिजल्या नव्हत्या. तीस ग्रॅम कोरड्या वडीत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात. पहिल्यांदा केल्या तेव्हा कुणाला आवडल्या नाहीत, रबरासारख्या लागल्या. मग बायकोनं युक्ती काढली. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, मिक्सरला जाडसर फिरवायच्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात खिम्यासारख्या परतायच्या. ते पिळायचं काम माझं, पकडीचा व्यायाम म्हणून. आता दिवस साधारण असा जातो. सकाळी दूध आणि भिजवलेल्या मटकीची उसळ. दुपारी घट्ट आमटी, दीड भाकरी, दही, मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी सोयाबीन नाहीतर हुलग्याचं पिठलं, पुन्हा भाकरी, झोपताना अर्धा पेला दूध. भाकरी मी एकूण वाढवली, ही गोष्ट ओळखीच्या शुगरवाल्यांना पटत नाही. आधी उसळ-कोशिंबीर खायची, भाकरी नंतर, एवढं पाळतो.

एकादशीचा प्रश्न होता. महिन्याला दोन, त्या मी मोडणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत, आणि माझी शुगर त्या दिवशी हमखास दोनशेच्या वर जायची. आता एकादशीला राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध. उपास मोडत नाही आणि वहीतला आकडाही सावरतो.

सहाव्या आठवड्यापर्यंत टेपला काहीच फरक दिसला नाही. मी नाराज झालो तेव्हा मॅडम म्हणाल्या, सुरुवातीची ताकद येते ती मेंदू आणि नसा शिकतात म्हणून. होते तेच स्नायू जास्त संख्येनं कामाला लागतात, आकार नंतर वाढतो. तोवर खुर्चीची एक उशी निघाली होती. दहाव्या आठवड्यात दुसरी निघाली, वेळ तेरा सेकंदांवर आला.

आणि मग श्रावणात तापानं गाठलं. आठ दिवस अंथरुणात. तोंडाला चव नाही, पेज आणि गोळ्या. उठलो तेव्हा पाय परक्याचे वाटत होते. खुर्चीची चाचणी घेतली, साडेपंधरा. अडीच महिन्यांची कमाई आठ दिवसांत निम्म्याहून जास्त गेली. मी वही मिटून ठेवली ती चार दिवस उघडली नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून बघितलं होतं, त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. बरोबर माझं वय. म्हणून सांगतो, घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की आपण मायेनं म्हणतो, पडून राहा, उठू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्यांना हाताला धरून दिवसातून चार वेळा खुर्चीत बसवा, उठवा. ती माया जास्त कामाची आहे.

पुन्हा एका उशीपासून सुरुवात केली. या वेळी लवकर भरून आलं, तीन आठवड्यांत होतो तिथं आलो. पुढे खुर्चीऐवजी स्टूल, मग पाट एकावर एक ठेवून, मग एकच पाट. पाटावरून हात न टेकता उठायला मला बरेच महिने लागले. ती तारीख वहीत लाल शाईनं आहे, कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी भजन संपल्यावर हातात टाळ तसेच धरून मी उठलो. शेजाऱ्याचा खांदा सवयीनं माझ्याकडे झुकला होता, त्याला कळलंच नाही मी कधी उभा राहिलो.

सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. वजन ६१, म्हणजे दोन किलो वाढलं, आणि कंबर तीन सेंटिमीटरनं घटली. खुर्चीची चाचणी १०.८ सेकंद. चाल सेकंदाला १.१ मीटर. एचबीएवनसी ७.०, तेही एक गोळी बंद होऊन आणि भाकरी वाढवून. पोटरी साडेबत्तीस, अजून कमीच. पकड २६.५. अठ्ठावीस झाली नाही. मला वाटलं होतं निदान ती तरी पार होईल, हाताचा माणूस मी. मॅडम म्हणाल्या पकड सगळ्यात सावकाश येते. त्यांनी हेही सांगितलं की ती नुसत्या हाताची गोष्ट नसते. २०१५ मध्ये सतरा देशांतल्या, भारतही त्यात होता, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या अभ्यासात पकड पाच किलोनं कमी असली की मरणाचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीनं तो नेमका सांगितला. आपल्याकडे रक्तदाब मोजायला गल्लीत तीन जागा आहेत. पकड मोजायचं यंत्र कराडमध्ये मला शोधत जावं लागलं. प्रत्येक शुगरच्या पेशंटला वर्षातून एकदा तरी खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा, त्याला यंत्रही लागत नाही, एवढं मला सगळ्या डॉक्टरांना हात जोडून सांगावंसं वाटतं.

टॉवेल पिळणं चालू आहे. पाण्याची बादली अर्धी भरून अंगणात फेऱ्या मारतो, दोन्ही हातांत एकेक. पाटणला दोनदा जाऊन आलो. पुढची तपासणी माघात.

मध्यंतरी भजनातल्या तिघांनी विचारलं, तुम्ही करता काय? आता मंगळवारी आणि शुक्रवारी भजनानंतर दहा मिनिटं आम्ही देवळाच्या ओसरीवर थांबतो. खुर्च्या भिंतीला लावायच्या, मी घड्याळ धरतो. एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, त्याला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही, तो आकडे मोजतो. दुसरे चौऱ्याहत्तरचे आहेत, तीस वर्षं पिठाच्या गिरणीत पोती उचललेले. सुरुवातीला त्यांना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नव्हतं, खुर्चीवर तीन उशा ठेवल्या होत्या. परवाच्या शुक्रवारी त्यांनी एका उशीवर, हात छातीवर बांधून, पाच पूर्ण केले. एकवीस सेकंद लागले. त्यांच्या नावाचं वेगळं पान काढून मी लिहून ठेवलंय.